उमेदवाराची निवड (नाशिक जिल्हा)

मत कोणाला द्यायचे हे ठरवण्याची नाशिकच्या मतदाराची कसोटी निवडणुकीगणिक बदलते. २०२४ च्या मे महिन्यात नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही लोकसभा जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. सहाच महिन्यांनी जिल्ह्यातल्या १५ विधानसभा जागांपैकी १४ महायुतीने घेतल्या.

मे महिन्यात दिंडोरीतल्या निफाड-चांदवड-येवला पट्ट्यात खरे तर कांदाच निवडणुकीला उभा होता. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने लासलगाव बाजारातले कांद्याचे भाव पाडले. मतदान २० मे रोजी होते. बंदी ४ मे रोजी उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य ठेवून. ज्याचा माल आधीच विकला गेला, त्याला त्याचे काय! नाशिक मतदारसंघात ‘आपल्या तालुक्याचा माणूस’ हा मुद्दा चालला. आघाडीचे उमेदवार, सिन्नरचे माजी आमदार राजाभाऊ वाजे यांना सिन्नरने मोठी आघाडी दिली; त्याच सिन्नरने नोव्हेंबरमध्ये महायुतीचे माणिकराव कोकाटे निवडून दिले. तोवर लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते, पण सगळे श्रेय त्यांना देणे घाईचे ठरेल. आमदार निवडताना लग्नकार्याला येणारा, फोन उचलणारा माणूस पाहिला जातो.

ठरवलेले मत ठरल्या जागी पडतेच असे नाही. दिंडोरीत राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर लढले. नुसती तुतारी चिन्ह असलेल्या, भगरे आडनावाच्याच अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. मतपत्रिकेवर फोटो असतो. तरी प्रचारात फक्त ‘तुतारी’ ऐकलेला मतदार फोटोकडे बघत नाही. यंत्रावरचा अनुक्रमांक पाठ असणे जास्त उपयोगी. मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण तोवर मत पडून गेलेले असते.

महापालिकेचे गणित वेगळेच. २०१७ मध्ये १२२ जागा ३१ प्रभागांत होत्या. २९ प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीनचे. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असते आणि मतपत्रिकेचा रंगही वेगळा. मतदाराच्या ओळखीचा बहुधा एकच, नळाचे पाणी, ड्रेनेज, पथदीप यांच्या तक्रारी घेणारा. उरलेली मते पॅनलचे, म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांच्या गटाचे, चिन्ह बघून पडतात. म्हणून कार्यकर्ते ‘चारही आपलेच’ म्हणून बजावतात, तर दमदार अपक्ष ‘एक मला, बाकी तुमच्या मर्जीने’ म्हणत पॅनल फोडतो. एकच बटण दाबून निघणारे मतदार दर वेळी असतात. सर्व जागांचे मत दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. पसंत कोणी नसेल तर त्या जागेपुरते नोटा दाबावे आणि शेवटचा लांब बीप ऐकूनच बाहेर पडावे.

उमेदवाराच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण नोंदलेले असते. ते मतदानापूर्वी पाहता येते, पाहणारे थोडे. उमेदवार आधी लढलेला असेल तर जुने शपथपत्र शेजारी ठेवून मालमत्तेचा रकाना वाचावा.