संदर्भसूचीतील नोंदींची मांडणी

प्रबंध, शोधनिबंध किंवा ग्रंथ लिहिताना ज्या साधनांचा आधार घेतला, त्यांची लेखनाच्या शेवटी ठरावीक पद्धतीने दिलेली यादी म्हणजे संदर्भसूची. नोंद वाचून वाचकाला मूळ मजकुरापर्यंत नेमके पोचता यावे, हा तिचा हेतू.

मांडणीच्या शैली अनेक आहेत. सामाजिक शास्त्रांत एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची), भाषा व साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची), इतिहासात तळटिपांसह शिकागो, तर वैद्यकात क्रमांक देणारी व्हँकूव्हर शैली रूढ आहे. शैली विद्यापीठ किंवा नियतकालिक ठरवते. लेखकाने ती अखेरपर्यंत पाळायची.

एपीएच्या 7व्या आवृत्तीनुसार नियतकालिकातील लेखाची नोंद अशी असते: आडनाव, आद्याक्षरे. (वर्ष). लेखाचे शीर्षक. नियतकालिकाचे नाव, खंड(अंक), पृष्ठे. शेवटी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक. नियतकालिकाचे नाव आणि खंड तिरप्या अक्षरांत, अंक मात्र सरळ. लेखक 20 पर्यंत असतील तर सर्वांची नावे द्यावीत. त्याहून अधिक असल्यास पहिले 19, मग लोपचिन्ह (तीन टिंबे) आणि शेवटचा लेखक. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनस्थळ आता देत नाहीत. नोंदीची पहिली ओळ समासाला लागून आणि पुढच्या अर्धा इंच आत घेतात, त्यामुळे आडनावांवरून नजर सहज फिरते. एकाच लेखकाची एकाच वर्षातील दोन लेखने असतील, तर वर्षाला अक्षर जोडून ती वेगळी करतात. तेच अक्षर मजकुरातील निर्देशातही हवे.

पुस्तकाचा तपशील मुखपृष्ठावरून न घेता आतील शीर्षकपृष्ठ व त्यामागील पानावरून घ्यावा. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत होते. पुनर्मुद्रणात पृष्ठांक बहुधा तेच राहतात. सुधारित आवृत्तीत ते सरकतात, आणि आवृत्तीचा उल्लेख गाळला की दिलेल्या पानावर उद्धृत मजकूर सापडतच नाही.

संदर्भ-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे विरामचिन्हे चोख घालतात, पण आयात झालेली माहिती तपासत नाहीत. संस्थेच्या नावाचे आडनाव व आद्याक्षरे असे तुकडे होणे, अंक गळणे हे नेहमीचे दोष. म्हणून प्रत्येक नोंद मूळ साधनाशी ताडून पाहावीच.

दुसऱ्याच्या ग्रंथात उद्धृत झालेला, पण स्वतः न पाहिलेला ग्रंथ सूचीत घालणे ही गंभीर चूक आहे, कारण मधल्या लेखकाची चूक त्यातून पुढे जाते. अशा वेळी मजकुरात मूळ ग्रंथाचा उल्लेख करून सूचीत प्रत्यक्ष वाचलेल्या ग्रंथाचीच नोंद द्यावी.