पर्यायबाहुल्य

पर्यायबाहुल्य : निवडीसाठी समोर असलेले पर्याय एका मर्यादेपलीकडे वाढले की निवड लांबणीवर पडते, कधी ती होतच नाही, किंवा झालेल्या निवडीबद्दल मनात चुटपूट राहते. या परिणामांना मिळून ही संज्ञा वापरतात. मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि विपणनशास्त्र या तिन्ही शाखांत तिचा विचार झाला आहे. प्रस्तुत नोंदीत सामान्य विवेचनानंतर खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) व्यवहारांचा परामर्श घेतला आहे.

संकल्पनेचा उगम : पुष्कळ लेखक या विचाराचा प्रारंभ चौदाव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ झां ब्युरिदां याच्या गाढवापाशी नेतात. सारख्याच अंतरावरील गवताच्या दोन सारख्या पेंढ्यांमध्ये उभे राहिलेले हे गाढव निर्णय न झाल्याने उपाशी मरते. मात्र ब्युरिदांच्या उपलब्ध लेखनात हे गाढव कोठेही आढळत नाही. बहुधा इच्छाशक्ती बुद्धीच्या निर्णयामागे जाते या त्याच्या मताची खिल्ली उडवण्यासाठी ते मागाहून त्याच्या नावावर घातले गेले असावे. मूळ कल्पना तर त्याहून बरीच जुनी आहे. भूक आणि तहान सारखीच लागलेला, अन्न व पाणी यांच्या मधोमध खिळलेला माणूस ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथात येतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस इस्लामी तत्त्वज्ञ अल्-गझालीने दोन सारख्या खजुरांचा दाखला दिला, पण तो उलट बाजूने : फरक नसतानाही माणूस एक खजूर उचलतोच, कारण इच्छाशक्तीचे कामच ते, असे त्याचे प्रतिपादन होते. ही सारी परंपरा मनोवेधक असली तरी तिला पर्यायबाहुल्याचा पूर्वेतिहास म्हणणे काहीसे ओढूनताणून वाटते. तेथील अडचण पर्याय समान असण्याची आहे, पुष्कळ असण्याची नव्हे.

आधुनिक अर्थाच्या अधिक जवळचा धागा अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांच्याकडे सापडतो. माणसाची माहिती, वेळ व आकलन मर्यादित असल्याने तो सर्वोत्तमाचा शोध घेत नाही, गरज भागेल असा पर्याय मिळताच थांबतो, हा विचार त्यांनी १९५०च्या दशकात मांडला. त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडीच्या अतिरेकाला स्वतंत्र नाव देऊन तो प्रश्न लोकांपुढे आणण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन लेखक ॲल्विन टॉफलर यांच्या १९७० मधील लेखनाला देतात.

जॅमचा प्रयोग : शीना अय्यंगार व मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातील सर्वाधिक उद्धृत पुरावा होय. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एका उंची किराणा दुकानात चवीसाठी कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, तर कधी ६. जवळून गेलेल्यांपैकी २४ बाटल्यांपाशी ६० टक्के ग्राहक थबकले, ६ बाटल्यांपाशी ४० टक्के. खरेदीचे चित्र मात्र उलटे निघाले. थबकलेल्यांपैकी मोठ्या मांडणीतील जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम घेतला, लहान मांडणीतील सुमारे ३० टक्क्यांनी. या आकड्यांच्या गाजावाजात दोन तपशील सहसा गळतात. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी यांसारख्या सर्वांच्या ओळखीच्या चवी मांडणीतून मुद्दाम वगळल्या होत्या, म्हणजे बहुतेकांची आवड आधी ठरलेली नव्हती. शिवाय त्या दुकानाच्या फळ्यांवर एरवी ३०० च्या वर जॅम असत आणि दुकान उत्तम चालत असे.

पुढे मानसशास्त्रज्ञ बॅरी श्वार्त्स यांनी २००२ मधील संशोधनातून व २००४ मधील पुस्तकातून हा प्रश्न सुखाशी जोडला. सर्वोत्तमच हवे असा आग्रह धरणारे लोक जीवनाविषयी कमी समाधानी आणि पश्चात्तापाकडे अधिक झुकणारे आढळले. अय्यंगार, वेल्स व श्वार्त्स यांच्या २००६ मधील अभ्यासात अशा आग्रही विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त पगाराच्या नोकऱ्या मिळवल्या, तरी नोकरी शोधण्याच्या साऱ्या काळात त्यांची मनःस्थिती इतरांहून वाईट होती.

मतभेद : शायबेहेने व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५० प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य आला. काही प्रयोगांत पर्याय वाढल्याने नुकसान झाले, काहींत फायदा. चेर्नेव व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यातून वाट काढली. पर्यायांची गुंतागुंत, निर्णयाची अवघड परिस्थिती, स्वतःच्या आवडीविषयीची अनिश्चितता आणि निवडीचा हेतू या चार गोष्टींवर परिणामाची दिशा ठरते, असे त्यांनी दाखवले. दोन टोकांच्या दाव्यांपेक्षा ही मांडणी स्वीकारार्ह वाटते. खानदेशातील उदाहरणांचाही तिच्या आधारे चांगला उलगडा होतो.

खानदेशातील संदर्भ : येथील ठळक उदाहरण म्हणजे कापसाचे बियाणे. एके काळी जरीला, विरनार अशा मोजक्या देशी जाती या भागात पेरल्या जात, आणि बी बहुधा घरचे किंवा जिनिंगमधील सरकीचे असे. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रातून १९७० मध्ये एच-४ हे संकरित वाण आले, तेव्हापासून दरसाल बी विकत घेण्याची पद्धत रूढ होत गेली. भारतात २००२ मध्ये बीटी (अळीरोधक जनुक घातलेल्या) कापसाच्या ३ संकरित वाणांना मान्यता मिळाली. पुढच्या दहा वर्षांत मान्य वाणांची संख्या हजारावर गेली.

मे महिन्याच्या अखेरीस कृषी केंद्राच्या काउंटरवर याचे प्रत्यक्ष रूप दिसते. मागच्या फळीवर पाकिटांच्या रांगा, बहुतेकांवर फुटलेल्या पांढऱ्याशुभ्र बोंडांचे चित्र, वजन तेच. अळीरोधक जनुकेही बहुतेक पाकिटांत तीच असतात. फरक असतो तो बोंडाचा आकार, पिकाचा कालावधी आणि वेचणीची सोय यांत, आणि तो पाकिटावरून कळत नाही. किमतीवरूनही काही ताडता येत नाही. केंद्र शासनाने २०१६ पासून बीटी बियाण्याची कमाल किंमत ठरवून दिली (त्या वर्षी बोलगार्ड-२ या बीटी प्रकाराच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला ८०० रुपये), त्यामुळे महाग म्हणजे चांगले हा नेहमीचा ठोकताळाही उरला नाही. अशा वेळी शेतकरी दुकानदाराला विचारतो, ‘आवंदा कोनतं बियानं चालू शे?’ ज्या वाणाचे नाव निघते त्यासाठी झुंबड उडते, तुटवडा पडतो, जादा दर आकारले जातात आणि त्याच्याबरोबर नको असलेले खत गळ्यात मारण्याचे, म्हणजे ‘लिंकिंग’चे, प्रकारही घडतात. शेजारचे पाकीट पडून राहते.

मानवशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी तेलंगणातील वारंगळ भागातील कापूस उत्पादकांबाबत २००७ मध्ये असेच निरीक्षण नोंदवले. वाणे इतक्या वेगाने बदलतात आणि उत्पन्न पाऊस, कीड यांवर इतके अवलंबून असते की स्वतःच्या अनुभवातून शिकायला वाव राहत नाही. मग गावात एका वाणाची लाट येते आणि ओसरते. तापीकाठच्या बागायती, पूर्वहंगामी लागवडीची स्थिती वेगळी असल्याने हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. कोरडवाहू पट्ट्याला तो अधिक जुळतो. याउलट रावेर-यावल भागात बसराई, श्रीमंती या केळीच्या जुन्या जाती मागे पडून ऊतिसंवर्धित ग्रँड नैनचे प्राबल्य झाले, आणि वाण एकच उरले म्हणून केळी बागायतदार हळहळताना दिसत नाही.

नेमके काय पाहायचे हे ठाऊक असेल तर पर्यायांची संख्या जाचत नाही. जळगावच्या बाजारात भरिताच्या वांग्यांचा ढीग समोर असताना जाणकार गिऱ्हाईक एकेक वांगे तळहातावर तोलते. आकाराने मोठे पण वजनाला हलके, म्हणजे कमी बियांचे, ते पिशवीत जाते. पाच-सहा वांगी निवडायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

लग्नाचा बस्ता फाडण्याची रीत आणखी निराळी. पांढऱ्या गादीवर डझनांनी साड्या उलगडल्या जातात, जेवणवेळ टळते, नवरीला दोन्ही रंग आवडतात. शेवटी मोठी माय किंवा आत्या एका साडीवर हात ठेवते. मानपानाच्या साड्या तर गठ्ठ्यानेच उचलतात. निर्णय सामाईक असल्याने पुढे साडीचा रंग उतरला तरी बोल एकीवर येत नाही. भारतीय लोक आपल्या दैनंदिन कृतींकडे अमेरिकनांइतके ‘निवड’ म्हणून पाहत नाहीत, असे सावनी, मार्कस व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले होते. बस्त्याचा व्यवहार त्याला जुळणारा दिसतो. मोबाइलवरून एकटीने केलेल्या खरेदीत ही वाटणी होत नाही. नापसंत वस्तू परत करण्याची सोय तेवढी असते.

अशी सोय समाधान वाढवतेच असे नाही. गिल्बर्ट व एबर्ट यांच्या २००२ मधील प्रयोगात, निवडलेले छायाचित्र नंतर बदलण्याची मुभा असलेले विद्यार्थी ती नसलेल्यांपेक्षा आपल्या छायाचित्रावर कमी खूश होते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांत याला समांतर प्रसंग येतो. सायबर कॅफेत बसून महाविद्यालये व शाखा यांचा लांबलचक पसंतिक्रम भरल्यावर, मिळालेली जागा ‘फ्रीझ’ (कायम) करायची की ‘बेटरमेंट’साठी, म्हणजे वरच्या पसंतीच्या जागेसाठी, पुढच्या फेरीत जायचे, हा प्रश्न धुळे-जळगावच्या घरांत त्या दिवसांत सतत चघळला जातो. पहिल्याच पसंतीची जागा मिळालेल्याला मात्र हा विकल्प मिळत नाही. त्याची जागा आपोआप फ्रीझ होते.