आळंदीची कार्तिकी एकादशीला संपत नाही

दिवाळी सरली की दरवर्षी तेच सुरू होतं. कुणी विचारतं, "कार्तिकी तर झाली, मग परत कशी आली?" कुणी इंद्रायणीच्या घाटावरचा फोटो टाकून खाली "पंढरीची वारी" लिहितं. बातमी आळंदीची चालू असते आणि पडद्यावर चंद्रभागेचं वाळवंट दिसत असतं. आणि या सगळ्यापेक्षा जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे, चांगली भाविक माणसं एकादशीला आळंदीला जातात, प्रदक्षिणा करतात, कळसाला हात जोडतात, दुसऱ्या दिवशी बारशीला उपवास सोडून घरी येतात आणि "माउलींचा समाधी सोहळा केला" म्हणून सांगतात. सोहळा अजून व्हायचाच असतो. हळदीचं जेवून परतायचं आणि लग्नाला जाऊन आलो म्हणायचं, तसं हे झालं.

पंढरपूरची कार्तिकी तुम्हाला ठाऊक आहे, तिच्यावर फार शब्द घालवत नाही. कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे प्रबोधिनी. आषाढीला निजलेला देव या दिवशी उठतो आणि चातुर्मास सरतो. चार महिने पंढरीत मुक्काम करून राहिलेले महाराज आणि त्यांची मंडळी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून गावाकडे वळतात. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार वाऱ्यांतली आषाढीखालोखाल मोठी वारी हीच. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, कार्तिकीची उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते, असा प्रघात आहे. माउलींची आणि तुकोबांची पालखी आषाढीला जाते तशी कार्तिकीला पंढरपूरला जात नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

आळंदीची कार्तिकी त्यानंतर पंधरवड्याने, कार्तिक वद्यात येते. २०२४ साली पंढरपूरची एकादशी १२ नोव्हेंबरला होती, आळंदीची २६ नोव्हेंबरला, आणि माउलींच्या समाधीची त्रयोदशी २८ नोव्हेंबरला. त्याआधीच्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे सगळंच पुढे सरकलं होतं आणि त्रयोदशी थेट ११ डिसेंबरला आली होती. म्हणून इंग्रजी तारीख पाठ करण्यात काही अर्थ नाही, तिथी धरा. नेमाचा वारकरी शुद्ध एकादशीला पंढरपूर आणि वद्य एकादशीला आळंदी, अशी महिन्याची वारी करतो. कार्तिकातल्या दोन कार्तिकी म्हणजे त्याच नेमाचं मोठं रूप.

तिथी धरतानाही हल्ली एक घोळ होतो, तो मोबाइलमुळे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एक असतं, वद्य पक्षात त्यांचं नाव एका महिन्याने पुढे गेलेलं असतं. आळंदीच्या एकादशीला हिंदी पंचांगाचं अ‍ॅप "मार्गशीर्ष कृष्ण" दाखवतं. उलट तिथे "कार्तिक कृष्ण एकादशी" शोधली, तर रमा एकादशी समोर येते, म्हणजे आपली आश्विन वद्य एकादशी, वसुबारसेच्या आसपासची. २०२४ साली ती २८ ऑक्टोबरला होती. त्या भरवशावर निघालेला माणूस महिनाभर आधीच आळंदीत पोचतो आणि "एवढी ओस कशी?" म्हणून चकित होतो. घरात भिंतीवर मराठी कॅलेंडर असेल तर तेच बघावं. आणि एकादशी दोन दिवस दाखवली असेल तर वारकरी भागवत एकादशी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची, धरतात, स्मार्त म्हणजे पहिल्या दिवसाची नव्हे.

आता खरा फरक. पंढरपूरची कार्तिकी ही देवाची वारी आहे. तिचा मुख्य दिवस एकादशी, कारण एकादशी देवाची. आळंदीची कार्तिकी हा संप्रदायाने आपल्या गेलेल्या धुरीणाच्या आठवणीसाठी धरलेला सोहळा आहे. ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला इंद्रायणीकाठी सिद्धेश्वराच्या सान्निध्यात समाधी घेतली. वय अवघं एकवीस. या सोहळ्याचा कळस त्रयोदशीला आहे, एकादशीला नाही. एकादशीला गर्दी सर्वांत जास्त असते, पेपरात फोटो तिचाच येतो, सुट्टीही लोक तिचीच काढतात. आणि तेवढ्यावरून ती मुख्य तिथी आहे असा समज पक्का होतो. ती मुख्य नाही. ती वद्य एकादशी आहे, दर महिन्याला येते. त्रयोदशी ती एकच.

क्रम बघितला की हे उघड दिसतं. सोहळ्याचा प्रारंभ वद्य अष्टमीला हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होतो. साताऱ्याकडच्या आरफळचे हे हैबतबाबा. आज आषाढीला जो पालखी सोहळा चालतो, त्याला शिस्त आणि घडण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दिली. त्यांची समाधी आळंदीच्या महाद्वारात पायरीपाशी आहे. माउलींचा सोहळा उघडताना आधी या पायरीची पूजा, अभिषेक, आरती होते आणि मगच पुढचं सगळं. लाखो लोक तिथून आत जाताना पायरीवर डोकं टेकवतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ही कुणाची पायरी ते सांगता येत नाही. पंढरपुरात महाद्वारातली पायरी नामदेवांची आणि आळंदीत हैबतबाबांची. निदान एवढं तरी घरातल्या मुलांना सांगा. दर्शनबारीत उभे राहून बिस्किटं वाटण्यापेक्षा ते जास्त मोलाचं आहे.

एकादशीला पहाटे पवमान अभिषेक आणि दुधारती, दुपारी माउलींच्या पालखीची नगरप्रदक्षिणा, रात्री धर्मशाळांतून हरिजागर. द्वादशीला रथोत्सव. रथ ओढून झाला की गावाची गर्दी एकदम निम्म्याने उतरते. बस भरून जातात, राहुट्या उतरतात, दुकानदारही श्वास घेतो. जे थांबतात ते त्रयोदशीसाठी थांबतात. या थांबणाऱ्यांत नेमाचे वारकरी जास्त असतात, आणि म्हणून त्रयोदशीच्या आळंदीचा सूर निराळा लागतो.

त्या दिवशी नामदेवांच्या वंशातल्या नामदास घराण्याकडे समाधीप्रसंगाचं कीर्तन असतं. हा मान त्यांच्याकडे असण्याला कारण आहे. समाधीच्या वेळी नामदेव तिथे हजर होते अशी संप्रदायाची श्रद्धा आहे आणि त्या प्रसंगाचे सगळे तपशील वारकऱ्यांकडे आले ते नामदेवांच्या नावच्या अभंगांतून. समाधीची जागा झाडून साफ करायला नामदेवांनी आपली चार मुलं पाठवली, नारा, विठा, गोंदा आणि महादा. निवृत्तीनाथांनी धाकट्या भावाचे हात धरून त्याला आत नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन शिळा लावली. सोपान आणि मुक्ताबाईची अवस्था काय झाली. हे कीर्तनात ऐकताना सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली जाते आहे असं कुणाला वाटत नाही. हात धरून नेण्याच्या अभंगाशी कीर्तनकार आला की टाळ मंदावतात, पखवाजही हलका होतो, आणि समोर बसलेले पागोट्यातले म्हातारे उपरण्याने डोळे पुसत असतात. दुपारी बाराला घंटानाद होतो, समाधीवर फुलं उधळली जातात, आरती होते. सोहळा म्हणतात तो हा.

आणि इथेच पंढरपूरपासूनचा दुसरा, त्याहून खोल फरक दिसतो. आषाढीला संत देवाकडे जातात. या सोहळ्याला देव संतांकडे येतो. अभंगांतल्या वर्णनाप्रमाणे समाधीच्या वेळी स्वतः पांडुरंग आळंदीला आला होता. तीच गोष्ट आजही पायी चालून दाखवली जाते: पंढरपूरची कार्तिकी उरकली की पांडुरंगाची पालखी आळंदीच्या वाटेला लागते, सोबत नामदेवांची आणि पुंडलिकाची. म्हणजे पंढरपूरची कार्तिकी संपल्यावर देव स्वस्थ बसत नाही, आपल्या भक्ताच्या तिथीला हजर राहायला घाटावरची वाट चालू लागतो. आषाढीच्या वाटेवर दुतर्फा माणूस लोटतो. या परतीच्या वाटेवर तितकं कुणी नसतं, कॅमेरे तर नसतातच. मला तरी ही चाल संप्रदायातली सर्वांत थोर गोष्ट वाटते. "आळंदीलाही पंढरपूरसारखीच वारी असते" असं कुणी म्हटलं की म्हणूनच राहवत नाही. वाटेची दिशाच उलटी आहे.

एकदा हे डोक्यात बसलं की बाकीच्या तिथ्याही आपोआप लागतात. पंढरपूरच्या चारही वाऱ्या शुद्ध पक्षातल्या. संतांचे मोठे सोहळे बघा: नामदेवांचा आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपुरात, तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत, नाथषष्ठी फाल्गुन वद्यात पैठणला, सोपानकाकांचा मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सासवडला. प्रत्येक संताची तिथी वद्यातच येते असा काही नियम नाही, पण हे मोठे सोहळे तिथे आहेत. जिथे यात्रा आणि समाधीची तिथी वेगवेगळ्या महिन्यांत आहेत तिथे घोळही होत नाही. निवृत्तीनाथांची त्र्यंबकेश्वरची मोठी यात्रा पौष वद्य एकादशीला भरते, समाधीची तिथी ज्येष्ठ वद्यात आहे, आणि नाशिककडचा माणूस या दोन गोष्टी कधी एकीत दुसरी मिसळत नाही. आळंदीत एकादशीची यात्रा आणि त्रयोदशीची समाधी दोनच दिवसांच्या अंतराने येतात, त्यामुळे एकीने दुसरीला झाकून टाकलं.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. त्रयोदशीला माउलींच्या चित्राखाली "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिणं बंद करा. वारकऱ्यांच्या लेखी ही संजीवन समाधी आहे, माउली तिथे आहेत, म्हणून तर आठशे मैलांवरून माणूस त्यांच्याशी बोलायला येतो. मेणबत्तीचं चित्र आणि काळी चौकट तिथे शोभत नाही. पुण्यतिथी हा प्रकार संप्रदायात आहेच आणि तो आदराने पाळला जातो. १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढणारे विष्णुबुवा जोग १९२० साली गेले, त्यांची पुण्यतिथी होते. प्रत्येक फड, म्हणजे एका महाराजांची परंपरा चालवणारी वारकरी मंडळी, आपल्या होऊन गेलेल्या महाराजांची पुण्यतिथी सप्ताह लावून करतो, कीर्तन ठेवतो, गावजेवण घालतो. जोगमहाराजांसाठी जे योग्य ते माउलींसाठी नाही, एवढंच म्हणणं आहे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. तिथे चंद्रभागा, इथे इंद्रायणी. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, आळंदी पुण्याच्या उंबऱ्याशी, त्यामुळे आळंदीला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे फार. पंढरपूरला पौर्णिमेचा काला, इथे अमावास्येला छबिना, म्हणजे माउलींची मिरवणूक, निघून सोहळ्याची सांगता. मंदिरं वेगळी, देवस्थानं वेगळी, दर्शनाची व्यवस्था वेगळी. यातलं काही चुकलं तरी बिघडत नाही.

एकच दिवस काढता येत असेल तर माझं सांगणं स्पष्ट आहे: एकादशी सोडा, त्रयोदशी धरा. एकादशीला समाधीचं दर्शन व्हायला बारीत तासन्‌तास जातात आणि कीर्तन कानावर पडत नाही. त्रयोदशीला सकाळी लवकर पोचा, गाडी गावाबाहेर लावा, आत मंडपात जागा मिळेल अशी आशा धरू नका. महाद्वाराच्या बाहेर कुठेही बसा, कीर्तन कर्ण्यावर ऐकू येतं. बारा वाजेपर्यंत उठू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर दर्शनाचा हट्ट त्या दिवशी धरू नका. दर्शन नंतर कधीही होतं, सोहळ्याची ती वेळ वर्षातून एकदाच येते. द्वादशीला पोचून मुक्काम करता आला तर सर्वांत उत्तम. रथ बघायला मिळतो, आणि गर्दी ओसरल्यामुळे धर्मशाळेत पाठ टेकायला जागाही मिळते.

आणि ज्यांची त्रयोदशी या वर्षी हुकली, त्यांनी महिनाभराने सासवड गाठावं. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला कऱ्हेकाठी सोपानकाकांचा समाधी सोहळा असतो, गर्दी आळंदीच्या मानाने कितीतरी कमी, आणि कीर्तन समोर बसून ऐकायला मिळतं.