दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांमधली आरोग्यसेवा आणि रोगप्रतिबंध (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक. यातले बहुतेक आता शहरांत नाहीतर छोट्या गावांत राहतात, शंभरातले साधारण १५ जण मात्र अगदी आडबाजूला, नॉर्दर्न टेरिटरी, किंबर्ली, केप यॉर्क, मधलं वाळवंट असल्या भागांत, आणि ही नोंद त्यांच्याबद्दल आहे. वस्ती म्हणजे काहीशे माणसं, एक शाळा, एक दुकान, एक क्लिनिक, बाकी सगळी लाल माती. साउथ ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला पिटजानजारा, यांकुनिजारा लोकांची जमीन आहे, तिला एपीवाय लँड्स म्हणतात, क्षेत्रफळ १ लाख चौरस किमीच्या वर म्हणजे महाराष्ट्राचा एक तृतीयांश, आणि तिथे राहणारे किती तर अडीच हजाराच्या आसपास, आपल्याकडच्या एका मोठ्या हाउसिंग सोसायटीएवढे!

देशपातळीवर बघितलं तर २०२०-२२ च्या आकड्यांनुसार मूळ रहिवासी पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७१.९ आणि बायकांचं ७५.६ वर्षं होतं, बाकीच्या ऑस्ट्रेलियन लोकांपेक्षा आठ-पावणेनऊ वर्षांनी कमी, आणि दुर्गम भागात हे अंतर अजून वाढतं.

सेवा कोण देतं

क्लिनिक चालवते ती मुख्यतः नर्स. तिला तिकडे रिमोट एरिया नर्स म्हणतात आणि ती बाळंतपणापासून साप चावण्यापर्यंत सगळं बघते, सोबत त्याच समाजातले ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर (२०१२ पासून त्यांचं देशपातळीवर रजिस्ट्रेशन होतं), डॉक्टर काही ठिकाणी कायम असतो तर काही ठिकाणी ठराविक दिवशी येतो. पेशंट सीरियस झाला की विमान. फ्लाइंग डॉक्टर सेवा १९२८ मध्ये क्वीन्सलँडच्या क्लोनकरीहून सुरू झाली, जॉन फ्लिन नावाच्या पाद्रीच्या डोक्यातून निघालेली. त्यांनी ठिकठिकाणी औषधांच्या पेट्या ठेवल्या आणि बाटल्यांना नंबर दिले म्हणजे डॉक्टर रेडिओवर नुसतं "नऊ नंबर घ्या" सांगणार, त्यावरून एक किस्सा सांगतात की एकाकडचं नऊ नंबर संपलं म्हणून त्याने चार आणि पाच मिळून घेतलं. खरं खोटं देव जाणे.

पण खरा बदल विमानाने नाही झाला, क्लिनिक कोणाच्या ताब्यात यावरून झाला. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला, १९७३ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला काँग्रेस उभी राहिली (नाव काँग्रेस पण काम आरोग्याचं), आणि आज अशा समाजाने निवडलेल्या बोर्डाच्या हाताखाली चालणाऱ्या संस्था देशभरात १४० च्या वर आहेत.

नळ, शॉवर आणि युपीके

रोगप्रतिबंध म्हटलं की आपल्याला लस आठवते, पोस्टर आठवतं, हात धुवा वगैरे. एपीवाय लँड्समध्ये मात्र सुरुवात नळापासून झाली. तिथे नंगनम्पा हेल्थ काउन्सिल नावाची संस्था आहे, नंगनम्पा म्हणजे आपलं, १९८० च्या दशकात तिचे प्रमुख होते यामी लेस्टर. हे लेस्टर साधे गृहस्थ नव्हेत. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी एमू फील्डला अणुचाचणी केली तेव्हा ते लहान होते, वस्तीवर काळं धुकं पसरलं होतं असं ते सांगायचे, पुढे त्यांची दृष्टी गेली. तर यांचा मुद्दा असा की क्लिनिक सुधारलं, औषधं आली, तरी तीच मुलं तेच आजार घेऊन परत परत येतायत, तेव्हा माणसं आजारीच पडू नयेत असं काहीतरी करा. मग एक डॉक्टर पॉल टॉर्झिलो, एक आर्किटेक्ट पॉल फोलेरोस आणि एक मानववंशशास्त्रज्ञ स्टेफान रेनो असे तिघे कामाला लागले आणि १९८७ मध्ये जो रिपोर्ट आला तो त्याच्या पिटजानजारा भाषेतल्या नावाच्या आद्याक्षरांवरून युपीके म्हणून ओळखला जातो.

त्यात नऊ गोष्टी क्रमाने दिल्यात आणि पहिली आहे माणसांना, मुख्य म्हणजे लहान मुलांना, रोज अंघोळ घालता येणं. पुढे कपडे-अंथरुणं धुणं, सांडपाणी निचरा, स्वयंपाकाची सोय, गर्दी, कुत्रे-किडे, धूळ, घरातला उकाडा-गारठा आणि शेवटी इजा-अपघात. यात शिकवण कुठेच नाही हे लक्षात घ्या. "लोकांना स्वच्छतेचं महत्त्व कळत नाही" हे वाक्य आपल्याकडेही कोणीही सहज फेकतं, यांनी उलट जाऊन आधी नळ सोडून बघितला. पुढे याच कामातून देशभर हजारो घरं तपासली गेली तेव्हा दुरुस्तीआधी चालू शॉवर निघाले साधारण ३५ टक्के घरांत, आणि विजेच्या दृष्टीने सुरक्षित घरं दहातलं एक. आता घरात कितीही कळकळ असली तरी पाणीच नाही तर पोराला धुणार कशात? वाळवंटातलं बोअरचं पाणी इतकं जड की क्षार साचून नळ आणि गीझर लवकर बाद होतात, आणि प्लंबर शेकडो किमी लांब.

सगळ्यांची ठाम समजूत होती की हे लोकच घरं मोडतात. हिशोब केला तर बिघाडांपैकी मोडतोड किंवा चुकीचा वापर ९ टक्के, मुळातच वाईट बांधकाम २१ टक्के आणि उरलेले ७० टक्के निव्वळ देखभाल न केल्यामुळे, म्हणजे घरांची मालकी ज्यांच्याकडे त्यांच्या खात्यावर. टीमचा नियम असा की नुसता सर्व्हे करायचा नाही, पहिल्याच दिवशी हत्यारं घेऊन जायचं, तपासता तपासता दुरुस्त करायचं, आणि टीममधली बहुतेक माणसं त्याच समाजातली. न्यू साउथ वेल्सने हा कार्यक्रम दहा वर्षं राबवून २०१० मध्ये आढावा घेतला तेव्हा दुरुस्त झालेल्या घरांतल्या लोकांचं संसर्गजन्य आजारांसाठी हॉस्पिटलात भरती होणं ४० टक्क्यांनी कमी आढळलं.

कोणते आजार

खरूज आणि त्वचेवरचे फोड ही सुरुवात. खाजवून जखम होते, जखमेत स्ट्रेप जंतू शिरतो, त्यातून किडनीला सूज येऊ शकते, आणि घसा नाहीतर त्वचेवाटे आलेल्या याच जंतूमुळे ऱ्हुमॅटिक फिव्हर, मग हृदयाच्या झडपा खराब. बाकीच्या ऑस्ट्रेलियात हा आजार जवळपास विसरला गेलाय. डार्विनच्या पूर्वेला मॅनिन्ग्रिडा नावाची वस्ती आहे तिथे २०१८ मध्ये शाळकरी मुलांचं इको (हृदयाची सोनोग्राफी) केलं तर शंभरातल्या साधारण पाच जणांना झडपांचा आजार निघाला. एकदा हा ऱ्हुमॅटिक फिव्हर येऊन गेला की दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, आणि ते इंजेक्शन भयंकर दुखतं. पोरं क्लिनिकची गाडी दिसली की पळतात यात नवल ते काय.

ट्रॅकोमा म्हणजे आपल्या जुन्या भाषेत खुपऱ्या. श्रीमंत देशांपैकी ज्यात हा आजार टिकून राहिला असा एकटा ऑस्ट्रेलियाच असं बराच काळ म्हटलं जायचं. डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज यांच्या टीमने १९७६ ते ७८ गावोगाव फिरून १ लाखाहून जास्त लोकांचे डोळे तपासले, त्यानंतर गोळ्या, ऑपरेशन आणि पोरांचे चेहरे धुवा मोहीम (मिल्पा नावाची घोरपड शुभंकर आहे), पण चेहरा धुवायला परत नळ लागतोच.

मधुमेह आणि किडनीचं दुखणं प्रचंड. डायलिसिससाठी लोकांना गाव सोडून ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागायचं, म्हणून २००० मध्ये किंटोर आणि किविरकुरा या वाळवंटातल्या वस्त्यांमधल्या चित्रकारांनी चित्रं काढून सिडनीत लिलाव केला, १० लाख डॉलरच्या वर जमले, आणि ॲलिस स्प्रिंग्जपासून पाचशे किमीवरच्या किंटोरमध्ये डायलिसिसचं मशीन आलं. यातून जी संस्था उभी राहिली तिला आज पर्पल हाऊस म्हणतात, त्यांचा एक जांभळा ट्रकही फिरतो ज्यात मशीनच बसवलंय.

पेट्रोल हुंगण्याचं व्यसन तरुण पोरांमध्ये होतं, त्यावर भाषणं बरीच झाली, फरक पडला तो २००५ पासून पंपांवर ओपल नावाचं, नशा आणणारी ॲरोमॅटिक रसायनं कमी असलेलं पेट्रोल मिळायला लागल्यावर, कारण ते हुंगून नशाच होत नाही.

आणि हिपॅटायटिस बी. १९६० च्या दशकात अमेरिकेत बारूक ब्लुम्बर्ग यांना एका ॲबोरिजिनल माणसाच्या रक्तात एक प्रथिन सापडलं, नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. तेच या विषाणूचं कवच निघालं, त्यावरून पुढे लस झाली आणि १९७६ मध्ये ब्लुम्बर्गना नोबेल मिळालं. नॉर्दर्न टेरिटरीत ॲबोरिजिनल नवजात बाळांना ती लस १९८८ पासून द्यायला लागले. तोवर मोठी झालेली पिढी मात्र हा आजार घेऊन जगतेय, आणि तो त्यांच्यातल्या एका भाषेत, योल्ङू माता मध्ये, समजावणारं ॲप डार्विनच्या मेंझीस संस्थेने २०१४ मध्ये काढलं.