पहिलं होमलोन घेताय? आधी क्रेडिट कार्डाचा हिशोब नीट करा

टोकन द्यायच्या आधी, खरं तर फ्लॅट बघायला लागायच्याही सहा महिने आधी आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जं आणि कार्डांचे पैसे कसे फेडले त्याची नोंद, काढा, हे मी भेटेल त्याला सांगतो, कारण माझ्या मेहुण्याचं लोन ५९० रुपयांवरून अडलं होतं. एका बँकेने गळ्यात मारलेलं कार्ड त्याने कधी वापरलंच नाही, पाकिटासकट कपाटात पडून होतं, पण दुसऱ्या वर्षी ५०० रुपये वार्षिक फी आणि वर १८ टक्के जीएसटी लागला, बिल जुन्या ईमेलवर जात राहिलं, आणि रिपोर्टात त्या कार्डासमोर दर महिन्याच्या चौकटीत ००० च्या जागी ३०, ६०, ९० असे आकडे चढत गेले. हा आकडा म्हणजे पैसे किती दिवस थकले ते. पगार चांगला, नोकरी पक्की, तरी फाइल परत आली.

रिपोर्ट सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा फुकट देतात, स्वतः बघितल्याने स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून मिळालेले गुण, कमी होत नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बोलणी सोपी जातात आणि बऱ्याच बँकांत व्याजदरही त्यावरच ठरतो. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता वापराचं. लिमिट एक लाख असेल आणि तुम्ही महिन्याला ८० हजार फिरवत असाल तर ड्यू डेटला सगळं भरूनही रिपोर्टात ८० हजार बाकी दिसू शकते, कारण बँकेने ज्या तारखेची बाकी कळवली तीच तिथे येते (जानेवारी २०२५ पासून हे पंधरवड्याला कळवू लागले). म्हणून बिल निघायच्या आधीच बरेचसे पैसे भरून टाका, बाकी लिमिटच्या ३० टक्क्यांखाली ठेवा. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून गाडी ढकलू नका, उरलेल्या रकमेवर वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज बसतं.

पात्रता बघताना बँक साधारण निम्मा पगार हप्त्यांसाठी धरते. हातात ६० हजार येत असतील तर ३० हजार, आणि त्यातून आधीचे सगळे हप्ते वजा, कार्डावर घेतलेल्या मोबाईलचा सुद्धा. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे ४ हजारांच्या ईएमआयने तुमचं लोन साडेचार लाखांनी कमी होतं! नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी असला तरी हप्ता तो हप्ताच. नवराबायको दोघं अर्जदार असाल तर दोघांचेही रिपोर्ट बघतात.

जुनं, नीट चाललेलं कार्ड घाईने बंद करू नका, त्याचा जुना इतिहास कामाला येतो. फीवालं बिनकामाचं मात्र लेखी कळवून बंद करा, बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. थकलेल्या कार्डावर थोडं भरून सेटलमेंट करा असं वसुलीवाला सांगेल, पण मग रिपोर्टात सेटल्ड, म्हणजे पूर्ण पैसे फेडले नाहीत, असा शिक्का राहतो, जमत असेल तर पूर्ण भरून नो ड्यूज पत्र घ्या.

कागदपत्रं: पॅन, आधार, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६, धंदा असेल तर तीन वर्षांचे रिटर्न आणि ताळेबंद. घराचे म्हणजे करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), महारेरा नंबर (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा), मंजूर नकाशा, तयार घर असेल तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). लोन ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतं, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन बहुतेकदा खिशातूनच. ते पैसे कार्डातून काढू नका.

सँक्शन लेटर, म्हणजे लोन मंजुरीचं पत्र, हातात पडलं की लोक फ्रिज, सोफा हप्त्यावर घ्यायला धावतात. लोनचा चेक निघायच्या आधी बँक रिपोर्ट पुन्हा काढू शकते, त्यामुळे सोफा चावी मिळाल्यावर.