‘ऋण आयन’ गादीत नेमकं होतं काय?

ऋण आयनांनी, म्हणजे ऋण विद्युतभार असलेल्या सूक्ष्म कणांनी, रक्त शुद्ध होतं, झोप छान लागते, असं सांगत दक्षिण कोरियात वर्षानुवर्षे गाद्या, उशा, ब्रेसलेट खपत आले. आईवडिलांसाठी मुलंही हौसेने घेत. दाव्याला ठोस पुरावा नाहीच. पण आयन यायचे कुठून ते बघा. गादीच्या आतल्या कापडाला मोनाझाइटची पूड लावलेली असे. या खनिजात थोरियम आणि युरेनियम! त्यांच्या किरणोत्सर्गाने हवेत आयन तयार होतात खरे, पण सोबत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायूही सुटतो, आणि रेडॉनमुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. रोज रात्री नाक त्याच गादीला लागलेलं.

मे २०१८मध्ये बिंग फुटलं. घरोघरच्या हजारो गाद्या उचलायला चक्क टपाल खात्याला जुंपावं लागलं.