सामाजिक सप्ताह (कॅथलिक)

सामाजिक सप्ताह : मजुरी, मालमत्ता, स्थलांतर, युद्ध, लोकशाही यांसारख्या प्रश्नांचा कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणीच्या आधारे अभ्यास करण्यासाठी भरणारी काही दिवसांची सभा. धर्मगुरू, धर्मभगिनी, प्राध्यापक, कामगार कार्यकर्ते, विद्यार्थी असे नाना थरांतील लोक तिला येतात. फ्रान्स, इटली, स्पेन येथे ती ‘सामाजिक सप्ताह’ या नावाने ओळखली जाते. जर्मनीत ‘कॅथलिक दिन’ ही तिच्याहून जुनी आणि बरीच व्यापक सभा आहे. अमेरिकेत याच जातीचे ‘टीच-इन’ (खुले अभ्यासवर्ग) भरतात. प्रार्थना व मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) सगळीकडे असतातच; मात्र यात्रा किंवा ध्यानसाधना यांत नसलेला अभ्यासवर्ग हे या सभांचे वेगळेपण होय.

उगमाबद्दल एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ ऑगस्ट १९०४ मध्ये ल्यों येथे भरलेल्या फ्रेंच सामाजिक सप्ताहापासून सुरुवात करतात. ल्योंचे पत्रकार मारियुस गोनें आणि लीलचे कायद्याचे प्राध्यापक आदेओदा ब्वासार हे त्याचे प्रवर्तक आणि आंरी लोरें हे पहिले अध्यक्ष. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की हा नमुना मुळात जर्मन आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ‘फोक्सफेराइन’ या जनसंघटनेने म्युन्शन-ग्लाडबाख या कापडगिरण्यांच्या गावी १८९२ च्या शरद ऋतूत ‘व्यावहारिक सामाजिक अभ्यासवर्ग’ भरवला होता. तेथे ओळीने व्याख्याने झाली, कामगार कायदे व सहकार शिकवले गेले आणि वर्ग आटोपल्यावर मंडळी आपापल्या धर्मग्रामात (एका चर्चच्या कार्यक्षेत्रात) जाऊन कामाला लागली. ल्योंच्या आयोजकांना हे प्रयोग ठाऊक असणे अगदी शक्य आहे. याहून मागे जाणारे अभ्यासक ऑक्टोबर १८४८ मध्ये माइन्झ येथे भरलेल्या पहिल्या कॅथलिक दिनाकडे बोट दाखवतात. पुढे बिशप झालेले केटेलर तेथे सामाजिक प्रश्नावर बोलले होते. पण ती सभा मुख्यतः चर्चच्या स्वातंत्र्यासाठी जमली होती. तिला सामाजिक सप्ताहाची पूर्वज म्हणणे जरा ताणल्यासारखे होते. बेल्जियममधील लिएजची १८८६, १८८७ व १८९० ची अधिवेशने, स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर संघ या कॅथलिक अभ्यासमंडळाच्या बैठका आणि मेक्सिकोत १९०३ मध्ये प्वेब्ला येथे भरलेले कॅथलिक अधिवेशन यांनाही या वंशावळीत जागा द्यावी लागते. एकंदरीत, आशय व अध्यापनपद्धती जर्मनीतून आली आणि दरवर्षी नव्या शहरात मुक्काम टाकणाऱ्या फिरत्या विद्यापीठाचा घाट फ्रान्सने दिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांच्या प्रश्नावरील ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक (१५ मे १८९१) दोन्हींच्या मुळाशी आहे, याविषयी वाद नाही.

ल्योंनंतर ओर्लेआं, दिजों, आम्यें, मार्सेय अशी शहरे झाली. सकाळी व दुपारी व्याख्याने, संध्याकाळी जाहीर सभा, अधूनमधून एखाद्या कारखान्याला किंवा सहकारी संस्थेला भेट, असा साधारण क्रम असे. ठराव मांडून मते घेणे हे या सभेचे काम नव्हते आणि अधिवेशनापासून तिला वेगळे करणारी नेमकी गोष्ट हीच. ‘कृतीसाठी विज्ञान’ हे तिचे बोधवाक्य. कृती ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन करायची.

एवढी सावधगिरी बाळगूनही टीका टळली नाही. पोप दहावे पायस यांच्या काळात आधुनिकतावादाविरुद्ध, म्हणजे श्रद्धेची आधुनिक विचारांशी सांगड घालण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध, मोहीम चालू होती आणि सामाजिक सप्ताहांवर ‘सामाजिक आधुनिकतावादा’चा ठपका आला. १९०९ च्या बॉर्दोच्या सप्ताहानंतर तत्त्वज्ञ मोरिस ब्लोंदेल यांनी ‘टेस्टिस’ या टोपणनावाने लेखमाला लिहून सप्ताहांची बाजू मांडली. श्रद्धा ही माणसावर केवळ बाहेरून लादलेली आज्ञा नाही, कामगाराच्या रोजच्या जगण्यातच तिची हाक ऐकू येते, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोपनी ‘सियों’ या तरुणांच्या लोकशाहीवादी चळवळीचा निषेध केला. सामाजिक सप्ताह मात्र वाचले. ठराव न करण्याचा संकेत त्यांच्या पथ्यावर पडला असावा.

इटलीत ज्युसेप्पे तोनिओलो यांच्या पुढाकाराने पहिला सप्ताह १९०७ मध्ये पिस्तोइया येथे भरला. फॅसिस्ट राजवटीशी न पटल्याने १९३० च्या दशकाच्या मध्यापासून तो बंद राहिला. युद्धानंतर तो पुन्हा सुरू झाला, १९७० नंतर पुन्हा थांबला आणि १९९१ मध्ये रोम येथे त्याचे पुनरुज्जीवन झाले. पन्नासावा सप्ताह जुलै २०२४ मध्ये त्रिएस्ते येथे लोकशाही या विषयावर भरला. समारोपाला पोप फ्रान्सिस हजर होते. स्पेनमध्ये १९०६ पासून, तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जेझुइट या धर्मसंघाचे जोझेफ-पापें आर्शांबो यांच्या प्रयत्नाने १९२० पासून ही प्रथा रुजली. जर्मनीतील फोक्सफेराइन नाझींनी १९३३ मध्ये मोडीत काढली.

अभ्यासाला मागण्या मांडण्याची जोड मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५ ची जगभरच्या बिशपांची परिषद). बेल्जियन धर्मगुरू जोझेफ कार्डेन यांच्या तरुण कामगार चळवळीतील ‘पाहा, पारखा, कृती करा’ या त्रिसूत्रीला १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात मान्यता मिळाली होती. १९७१ च्या बिशप-धर्मसभेने न्यायासाठीची कृती हा शुभवर्तमानाच्या घोषणेचा अंगभूत भाग ठरवला. ठरावांच्या मार्गाने गेल्यास काय होते, हे ऑक्टोबर १९७६ मध्ये डेट्रॉइट येथे दिसले. अमेरिकन बिशपांनीच बोलावलेल्या ‘कॉल टू ॲक्शन’ परिषदेत तेराशेहून अधिक प्रतिनिधींनी शिफारशींवर मतदान केले. त्यांत वर्णभेद व गरिबी यांच्या जोडीला स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा विषयही आला आणि बिशपांनी हळूहळू अंग काढून घेतले. ल्योंकरांचा जुना संकेत किती धोरणी होता, हे यावरून कळते.

अमेरिकेतील सध्याची सर्वांत परिचित सभा म्हणजे जेझुइट परिवाराची ‘इग्नेशियन फॅमिली टीच-इन’ (हे नाव जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्यावरून). १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे एल साल्वादोरच्या सैनिकांनी सान साल्वादोरमधील मध्य अमेरिकन विद्यापीठाच्या आवारात कुलगुरू इग्नासिओ एल्याकुरिया यांच्यासह सहा जेझुइट, घरकाम पाहणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी सेलिना यांची हत्या केली. या प्रकरणात नाव आलेल्या २६ जणांपैकी १९ जण जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंग येथील ‘स्कूल ऑफ द अमेरिकाज’ या अमेरिकी लष्करी शाळेत शिकलेले होते, असा आकडा सामान्यतः दिला जातो. मेरीनोल या मिशनरी संघाचे धर्मगुरू रॉय बुर्जवा यांनी १९९० मध्ये या शाळेविरुद्ध चळवळ उभारली. दर नोव्हेंबरला फाटकासमोर मिरवणूक निघे. मृतांची नावे एकेक करून गायली जात, प्रत्येक नावाला जमाव ‘प्रेसेंते’ (हजर) असे उत्तर देई आणि त्या नावाचा पांढरा क्रूस वर उचलला जाई. तळाची हद्द ओलांडणाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद होई. या निदर्शनांना येणाऱ्या जेझुइट शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी शेजारच्या कोलंबस गावात एक तंबू टाकला जाऊ लागला. टीच-इनचा आरंभ तो हाच, आणि त्याचे वर्ष १९९७ धरतात. २००४ पासून ‘इग्नेशियन सॉलिडॅरिटी नेटवर्क’ ही संस्था आयोजन पाहते. २०१० मध्ये सभा वॉशिंग्टनला हलली.

स्थळ बदलले तसे स्वरूपही बदलले. शनिवार-रविवार भाषणे, गटचर्चा व मिस्सा. सोमवारी विद्यार्थी आपापल्या राज्याच्या खासदारांच्या कार्यालयात जातात. खासदार स्वतः क्वचितच भेटतात. बहुधा एखादा तरुण सहायक वही घेऊन समोर बसतो. गटातला एकजण ओळख करून देतो, दुसरा अनुभव सांगतो, तिसरा नेमके विधेयक व नेमकी मागणी मांडतो. स्थलांतरितांचे हक्क, पर्यावरण व मध्य अमेरिकेविषयीचे धोरण हे वारंवार येणारे विषय. करमुक्त धार्मिक संस्थांना अमेरिकी कायदा अशी पाठपुराव्याची मर्यादित मुभा देतो, परंतु करकायद्यातील १९५४ च्या दुरुस्तीमुळे कोणत्याही उमेदवाराचा प्रचार त्यांना करता येत नाही. म्हणून भेटीपूर्वीच्या प्रशिक्षणात पक्ष व निवडणूक यांचा उल्लेख कसा टाळावा हे सांगावे लागते. लष्करी शाळा २००१ मध्ये नाव बदलून चालूच राहिली. जेझुइट हत्या प्रकरणात साल्वादोरचे माजी कर्नल इनोसेंते मोंतानो यांना स्पेनच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये १३३ वर्षांची शिक्षा सुनावली.